नाकीडोळी नीटस, पण कुणाच्या मापाने?

काही दिवसांपूर्वी एका मैत्रिणीसोबत नोएडातल्या एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये गेले होते. मैत्रीण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. घरातली पहिली इंजिनिअर, आता इथल्या एका आयटी कंपनीत नोकरीला. कंपनीत तिला क्लायंटसमोर बसण्याचं काम मिळण्याची शक्यता होती आणि घरी लग्नाची बोलणी सुरू झाली होती. दोन्हीसाठी नाक ‘थोडं नीट’ करून घ्यावं, असं बरेच दिवस तिच्या मनात होतं. ऑपरेशनची तिला भीती वाटे. पण ‘सर्जरी नाही, फक्त इंजेक्शन, पंधरा मिनिटांचं काम’ अशी जाहिरात मोबाईलवर रोज समोर येत होती, आणि पहिला सल्ला फुकट होता.

क्लिनिकमधल्या मुलीने टॅबलेटवर तिचे फोटो घेतले. समोरून, दोन्ही बाजूंनी, मान वर करायला लावून खालून. पडद्यावर चेहऱ्यावर ठिपके उमटले, ठिपक्यांमधून रेषा गेल्या, रेषांचे कोन झाले. काही आकडे हिरवे, काही लाल. नाकपुड्यांची रुंदी लाल होती. नाकाच्या दांड्याची उंचीही लाल. मग तिने बोटाने एक पट्टी सरकवली आणि मैत्रिणीच्या चेहऱ्याशेजारी दुसरा चेहरा उभा राहिला. तेच डोळे, तेच ओठ, मधलं नाक मात्र उंच आणि निमुळतं. “बस थोड़ा शार्प कर देंगे मॅम,” ती म्हणाली.

मैत्रीण बराच वेळ त्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग माझ्या कानाशी हळूच म्हणाली, “ही तर कुणी देशपांडे वाटते गं.”

आम्ही दोघी हसलो. पण परतताना मेट्रोत दोघींनाही फारसं बोलवेना. सॉफ्टवेअरला तिची जात माहीत नव्हती. त्या काउंटरवरच्या मुलीलाही माहीत नसावी. तरी ‘सुधारलेला’ चेहरा पाहून माझ्या मैत्रिणीच्या तोंडून पहिलं आलं ते एक आडनाव. हे तिच्या मनाचे खेळ आहेत असं म्हणून सोडून देता येत नाही. नाकाच्या मापाला या देशात जातीचा इतिहास आहे, तो लिखित आहे, छापील आहे. आपल्या पिढीतल्या ज्या कुणाला आज असा लाल आकडा दाखवला जातो आहे, त्याला तो इतिहास माहीत असायला हवा, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

लाल आकडा येतो कुठून?

आधी हे काम नेमकं काय आहे ते पाहू. विनाशस्त्रक्रिया नाक बदलणं म्हणजे बहुतेक वेळा हायलुरोनिक ॲसिडचा जेल सुईने नाकाच्या कातडीखाली भरणं. याला फिलर म्हणतात. दांड्यावरचा उंचवटा झाकायचा असेल तर त्याच्या वरखाली जेल भरून रेषा सरळ केली जाते. बसलेला दांडा उंच दाखवता येतो, शेंडा थोडा उचलता येतो. काही महिन्यांपासून साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत परिणाम टिकतो, मग जेल विरघळत जातो आणि पुन्हा भरावा लागतो.

हे काम करण्याआधी संगणकावर जो आराखडा केला जातो त्याला डिजिटल प्लॅनिंग म्हणतात. फोटोवरून किंवा त्रिमितीय स्कॅनवरून चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू पकडायचे, अंतरं आणि कोन मोजायचे, ‘असावं’ त्या मापाशी ताडून पाहायचं आणि कुठे किती जेल लागेल याचा अंदाज बांधायचा. आराखडा करण्यात मुळात वाईट काही नाही. आपल्याला काय हवं आहे आणि डॉक्टरला काय समजलं आहे, यातली तफावत त्याने आधीच कळू शकते. प्रश्न आहे तो ‘असावं’ या मापाचा. ते कोणी ठरवलं?

सौंदर्यशस्त्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकांत काही मापं वर्षानुवर्षं चालत आली आहेत. चेहऱ्याच्या रुंदीचे पाच सारखे भाग पडावेत. नाकाची रुंदी दोन डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधल्या अंतराएवढी असावी. नाक आणि वरचा ओठ यांतला कोन पुरुषांत नव्वद अंशांच्या थोडा वर, स्त्रियांत त्याहून अधिक असावा. यातली प्रमाणं युरोपातल्या प्रबोधनकाळच्या चित्रकारांनी चित्रं काढण्यासाठी बसवली होती. जिवंत माणसं मोजून ती आलेली नाहीत. कॅनडातल्या लेस्ली फार्कस या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ही प्रमाणं उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्या तरुण-तरुणींच्या चेहऱ्यांवर तपासली, तेव्हा ती त्यांच्यातल्याही पुष्कळांना लागू पडेनात. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांच्या चित्रांवरून माप काढलं, त्यांचीही नाकं त्या मापात बसत नव्हती. आणि तेच माप घेऊन यवतमाळच्या मुलीच्या नाकपुड्यांना लाल रंग दिला जातो.

आणखी एक साधी गोष्ट. आपल्यापैकी अनेकांना आपलं नाक मोठं आहे असं पहिल्यांदा वाटतं ते स्वतःच्या सेल्फीत. २०१८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दाखवलं की, बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. लेन्सला जे जवळ असतं ते मोठं दिसतं आणि चेहऱ्यात सर्वांत पुढे नाकच असतं. हातभर अंतरावरून काढलेला फोटो घेऊन दवाखान्यात जाणारा माणूस खरं तर कॅमेऱ्याच्या दोषावर उपचार मागत असतो.

हे माप आपल्या ओळखीचं आहे

नाक मोजून माणसाची पायरी ठरवण्याचं काम भारतात आधीच एकदा होऊन गेलं आहे. ते टॅबलेटवर झालं नाही, लोखंडी कंपासाने झालं.

हर्बर्ट होप रिझली हा ब्रिटिश सनदी अधिकारी. १८८५ पासून त्याच्याकडे बंगालच्या मानववंशीय पाहणीचं काम होतं. हजारो माणसांची डोकी आणि नाकं त्याने मोजून घेतली आणि १८९१ मध्ये ते आकडे छापले. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. याला नासिका निर्देशांक म्हणत. सत्तरच्या खाली आला तर बारीक नाक, सत्तर ते पंच्याऐंशी मध्यम, त्याच्यावर रुंद. आकडे मांडून रिझलीने जो निष्कर्ष काढला तो असा की, एखाद्या जातीचं नाक सरासरीने जितकं रुंद तितकं तिचं सामाजिक स्थान खालचं. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त तोच होता, आणि त्या जनगणनेत जातींची यादी सामाजिक श्रेष्ठ-कनिष्ठतेच्या क्रमाने लावण्याचा उद्योगही त्याच्याच काळात झाला. पुढे १९०८ च्या पुस्तकात त्याने भारतीयांचे वंशवार नमुने पाडले. त्यात महाराष्ट्रातले ब्राह्मण आणि कुणबी यांना ‘सिथो-द्राविडी’ अशी चिठ्ठी लावली.

जात ही माणसाने माणसावर लादलेली व्यवस्था आहे, हे जोतीराव फुल्यांनी रिझलीच्या कंपासाआधीच सांगून ठेवलं होतं. रिझलीने तीच व्यवस्था हाडामांसात आहे असं दाखवण्याचा प्रयत्न केला. जी गोष्ट धर्मग्रंथ सांगत होते तीच आता विज्ञानाच्या भाषेत सांगितली जाऊ लागली. सवर्णांना ते सोयीचं होतं. आपण इंग्रजांचेच दूरचे भाऊबंद आहोत असा त्यातून अर्थ निघत होता.

मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्राचे प्राध्यापक गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या पुस्तकात हे आकडे पुन्हा तपासले. त्यांना आढळलं की नाकाची रुंदी आणि जातीची उतरंड यांचा मेळ फक्त आजच्या उत्तर प्रदेशाच्या पट्ट्यात काहीसा बसतो. बाकी प्रांतांत तो बसत नाही. महाराष्ट्रातही नाही. शिवाय उत्तर प्रदेशातला ब्राह्मण मापांच्या हिशेबाने आपल्याच प्रांतातल्या बहुतेक जातींपेक्षा पंजाबातल्या चुहड्याच्या जवळचा निघतो. चुहडा म्हणजे पंजाबातली सफाईकामात जखडलेली अस्पृश्य जात.

बाबासाहेबांनी ही गोष्ट उचलली. १९४८ साली आलेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेचं मूळ वंशभेदात आहे का, यावर त्यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिलं. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या सातव्या खंडात ते वाचायला मिळतं. घुर्येंचे आकडे समोर ठेवून त्यांनी सरळ तर्क मांडला. मापनशास्त्राला शास्त्र मानायचं असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. म्हणजे अस्पृश्यतेचं कारण शरीरात शोधू नका, इतिहासात आणि सत्तेत शोधा.

या युक्तिवादाची ताकद त्याच्या पद्धतीत आहे. नाक मोजणं अपमानास्पद आहे, म्हणून आम्ही त्यावर बोलणार नाही, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी मोजपट्टी हातात घेतली, आकडे वाचले आणि त्याच आकड्यांनी दावा पाडला. लाल आकडा समोर आला की आपणही हेच करायला हवं. हा आकडा कशाला कशाने भागून आला, कुणाच्या सरासरीशी ताडला, ताडून काय सिद्ध करायचं होतं, हे विचारायला हवं.

मला माहीत आहे की सॉफ्टवेअर बनवणारे रिझलीचे वारस नाहीत. त्यांना माल विकायचा आहे, जनगणना करायची नाही. पण परिणाम पाहा. रुंद नाक म्हणजे उणं नाक, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच आहे. रिझली म्हणत होता, तुझं नाक असं आहे म्हणून तुझी जागा खाली. आजचा पडदा म्हणतो, वरची जागा हवी असेल तर नाक बदल. उतरंड जिथल्या तिथे राहते, फक्त तिच्यावर चढण्याचा दर ठरतो.

मेणाचं नाक आणि नाव नसलेला कुंभार

नाकाच्या मापाचा एक वेगळा इतिहासही आहे आणि तो पुण्याचा आहे.

आपल्याकडे नाक म्हणजे अब्रू. नाक कापणं हा वाक्प्रचार होण्याआधी ती खरोखरची शिक्षा होती. नाशिकचं नावसुद्धा पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून पडलं, अशी कथा सांगतात. जंगलातल्या एका बाईचं नाक कापल्याचा पराक्रम गावाच्या नावात मिरवला जातो. त्याच पंचवटीत १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात आपल्या माणसांना सत्याग्रह करावा लागला.

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी माणूस टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात तोडला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. हा वृत्तांत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला. जेम्स वेल्स या चित्रकाराने काढलेल्या कावसजीच्या चित्रावरचं कोरीव चित्रही तेव्हा प्रसिद्ध झालं. तो वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने वीसेक वर्षांनी ही शस्त्रक्रिया तिथे केली, १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि ‘भारतीय पद्धत’ युरोपभर गेली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याची ही गोष्ट हमखास येते.

त्या वृत्तांतात शस्त्रक्रिया करणाऱ्याची ओळख फक्त जातीने आहे, ‘वीट पाडणाऱ्या जातीचा माणूस’. अभ्यासक त्याचा अर्थ कुंभार असा लावतात. नाव नाही. बैल हाकणाऱ्याचं नाव नोंदलं गेलं, इंग्रज साक्षीदार डॉक्टरांची नावं नोंदली गेली, चित्रकाराचं नाव राहिलं. ज्याच्या बोटांत ही विद्या होती तो जातीच्या नावाने उरला. आज भारताच्या प्राचीन शल्यविद्येचा अभिमान सांगताना सुश्रुताचं नाव घेतलं जातं, आणि सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याचं वर्णन आहेही. पण तिथे कातडी गालाची घेतात, पुण्यात कपाळाची घेतली. ग्रंथात लिहिलेली विद्या एक आणि हाताने जिवंत ठेवलेली, बदलत नेलेली विद्या दुसरी. दुसरी ज्यांनी राखली ते पाठ्यपुस्तकात नाहीत.

मला या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो त्याचा आराखडा. कुंभाराने आधी मेणाची पातळ चकती घेतली आणि ती कावसजीच्या तुटलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार दिला. मग ती चकती सपाट करून कपाळावर ठेवली, भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवून घेतली. भुवयांच्या मधे एक पट्टी मात्र जोडलेली ठेवली, म्हणजे रक्त चालू राहील. कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. साधारण पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापली.

प्लॅनिंग हेच होतं, फक्त संगणक नव्हता. आणि माप कुठून घेतलं? त्याच माणसाच्या चेहऱ्यावरून. युरोपातल्या चित्रावरून नाही, वरच्या जातीच्या सरासरीवरून नाही. समोरच्या माणसाचं जे गेलं आहे ते त्याला परत कसं मिळेल, एवढाच प्रश्न त्या मेणाच्या चकतीत होता. अपघातात, भाजल्याने, जन्मतः दुभंगलेल्या ओठांमुळे, कुष्ठरोगामुळे नाक बिघडलेल्या माणसाला आजही हाच उपचार हवा असतो. सरकारी रुग्णालयांतल्या प्लास्टिक सर्जरी विभागांपुढे त्यांची रांग असते. तिथे मनुष्यबळ आणि साधनं वाढावीत ही मागणी आपण जोरात केली पाहिजे. ‘कॉस्मेटिक’ हा शब्द ऐकून नाक मुरडण्याची गरज नाही. दुखावलेला चेहरा दुरुस्त करणं आणि धडधाकट चेहऱ्याला दुखावलेला ठरवणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

नोएडाचे चेहरे

आता नोएडाकडे परत येऊ. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, ओखल्याच्या पलीकडे औद्योगिक वसाहत म्हणून हे शहर आखलं गेलं. ते ज्या जिल्ह्यात येतं त्याचं नाव गौतम बुद्ध नगर. मायावतींच्या सरकारने १९९७ मध्ये हा जिल्हा केला. यमुनेकाठी सेक्टर ९५ मध्ये राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळ आहे, ऑक्टोबर २०११ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. बाबासाहेब आणि कांशीराम यांच्यासोबत फुले, शाहू महाराज, कबीर, नारायण गुरू, बिरसा मुंडा असे आपले लोक तिथे पुतळ्यांच्या रूपात उभे आहेत. महाराष्ट्रातून इथे शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मुलं पहिल्या रविवारी तिथे जातात.

तिथून फार दूर नाही अशा सेक्टर १६ए मध्ये फिल्म सिटी आहे. हिंदी वृत्तवाहिन्यांचे स्टुडिओ तिथे आहेत. देशाच्या घराघरांत रात्री नऊ वाजता जे चेहरे दिसतात त्यांतले कित्येक इथून दिसतात. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी माध्यमांमधल्या जातीवर अहवाल काढला. तपासलेल्या १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ वर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस त्या पदांवर नव्हता. ‘पडद्यावर शोभणारा चेहरा’ कसा असतो हे आपल्या डोळ्यांना कोणी शिकवलं, याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. रोज तोच चेहरा पाहिला की तोच ‘नॉर्मल’ वाटू लागतो आणि आरशातला आपला चेहरा त्यापासून किती लांब आहे हे मोजायची सवय लागते.

आणि भाषा? लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी, नाकीडोळी नीटस’ हा साचा मराठीत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ही म्हण आपणही सहज बोलून जातो. सरळ नाकाला चाफेकळी म्हणायचं, बसक्या नाकाला नावं ठेवायची. आपल्या वस्त्यांत, आपल्या वधू-वर सूचक मेळाव्यांतही हे चालतं. जयंतीला बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालणारं घर सून बघताना रंग आणि नाक बघतं. ते आपणच थांबवायचं आहे, त्यासाठी कुठल्या कंपनीकडे बोट दाखवून चालणार नाही.

पहिल्या पिढीच्या पदवीधराला आणखी एक वाक्य ऐकायला मिळतं. “तू तशी दिसत नाहीस हं.” बोलणारा कौतुक म्हणून बोलतो. ‘तशी’ म्हणजे कशी, हे त्याला सांगावं लागत नाही आणि आपल्याला विचारावं लागत नाही. हे वाक्य ऐकलेला माणूस आपली जात लपवण्यात अर्धा यशस्वी झालेला असतो, आणि न ऐकलेला माणूस आपला चेहराच आपली जात सांगतो की काय या धास्तीत असतो. खरं तर बाबासाहेबांनी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे चेहऱ्यावरून जात ओळखता येत नाही. पण लोक ओळखू पाहतात, आणि मुलाखतीच्या खोलीत, घरमालकाच्या दारात, त्या ओळखू पाहण्याची किंमत आपण भरतो. माझी मैत्रीण क्लिनिकमध्ये गेली ती हौसेपेक्षा या हिशेबाने. नोकरीतली बढती आणि लग्न, दोन्हींत आपल्या पोरींच्या पदवीपेक्षा चेहऱ्याकडे आधी पाहिलं जातं, हे तिने अनुभवलं होतं. तिला ‘न्यूनगंड आहे’ असं म्हणणारा तिच्यावर अन्याय करतो.

म्हणून मी कुणालाही ‘असलं काही करू नका’ असं सांगणार नाही. शरीर तिचं आहे, पगार तिचा आहे. ज्या समाजाने शतकानुशतकं आपल्या बायांनी कुठले दागिने घालावेत आणि पदर कसा घ्यावा यावर हुकूम चालवला, त्याच्या सुरात सूर मिसळून आपण नवे हुकूम काढायचे नाहीत. पण निर्णय तिचा असायचा असेल तर तिला सगळं माहीत असायला हवं. क्लिनिकमध्ये जे सांगितलं गेलं नाही, तेही.

सुई कुठे जाते

पहिली गोष्ट. फिलर भर घालतो, काही काढून घेत नाही. त्याने नाक लहान होत नाही, नाकपुड्या अरुंद होत नाहीत. दांडा उंच झाल्याने नाक निमुळतं झाल्याचा भास होतो, एवढंच. पडद्यावर बोट सरकवून वाटेल ते दाखवता येतं, सुईला ते जमेलच असं नाही. म्हणून पडद्यावरचं चित्र म्हणजे वचन नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. नाकाच्या वरून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. जेल चुकून रक्तवाहिनीत गेला तर नाकाची कातडी काळी पडून मरू शकते, आणि तो मागे सरकत डोळ्याच्या पडद्याच्या वाहिनीत अडकला तर दृष्टी जाऊ शकते, बहुतेकदा कायमची. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात चेहऱ्यात अशी इंजेक्शनं घेतल्यावर दृष्टीवर परिणाम झालेली, तोपर्यंत जगभर नोंदली गेलेली ९८ प्रकरणं तपासली होती. त्यांतली सुमारे पाव प्रकरणं नाकातल्या इंजेक्शनांची होती. त्याहून जास्त प्रकरणं फक्त दोन भुवयांमधल्या जागेची होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नाकात भरण्यासाठी फिलरला मान्यता दिलेली नाही. डॉक्टर ते आपल्या जबाबदारीवर वापरतात. हे अपघात विरळ आहेत, पण ‘ऑपरेशन नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा होत नाही.

त्यामुळे जायचंच असेल तर हे प्रश्न लिहून घेऊन जा. सुई कोण धरणार, त्याची पदवी कुठली आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? काउंटरवरच्या व्यक्तीचं नाही, सुई धरणाऱ्याचं विचारा. जेल विरघळवणारं हायलुरोनिडेज हे औषध त्या क्षणी क्लिनिकमध्ये आहे का? नजर अंधुक झाली, कातडी पांढरी किंवा जांभळी पडली, असह्य दुखलं, तर काय करणार आणि रात्री कुणाला फोन करायचा? फिलरचं सीलबंद पाकीट माझ्यासमोर उघडणार का आणि त्यावरचा क्रमांक मला लिहून देणार का? पडद्यावरचं ‘आदर्श’ माप कुणाच्या चेहऱ्यांवरून आलं? माझे फोटो आणि स्कॅन कुठे साठवणार, कुणाला देणार, मी सांगितल्यावर पुसणार का? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. आपल्या चेहऱ्याच्या मोजमापाला संमती देण्याआधी ही विचारणा करणं गैर नाही. रिझलीने ज्यांची नाकं मोजली त्यांना विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला आहे.

आणि शेवटचा हिशेब पैशांचा. वर्ष-दीड वर्षाने पुन्हा भरावं लागणारं नाक म्हणजे न संपणारा हप्ता. ज्या घरात शिक्षणकर्ज अजून फिटलेलं नाही, धाकट्या भावाची फी आहे, गावाकडचं घर अर्धं बांधलेलं आहे, तिथे हा हप्ता कुठून निघणार हे कागदावर मांडून पाहा.

माप बदलायचं कुठे

माझ्या मैत्रिणीने ठरवलेलं नाही अजून. त्या दिवशी वरच्यातले दोन प्रश्न तिने विचारले, तेव्हा ‘डॉक्टर आल्यावर सांगतील’ एवढंच उत्तर मिळालं. रात्री तिने आईला फोन केला आणि सहज विचारावं तसं नाकाचं विचारलं. आई म्हणाली, “तुह्या आजीचं नाक हाय ते. त्याले काय झालं?” ही आजी दुसऱ्याच्या शेतात निंदायला जायची आणि तिच्याच मजुरीतून मैत्रिणीची दहावीची पुस्तकं आली होती. हे सांगताना मैत्रीण हसत होती, आवाज मात्र जड झाला होता.

आईच्या या उत्तराने तिचा प्रश्न सुटत नाही, हे दोघींनाही कळतं. सोमवारी क्लायंटची मीटिंग आहेच, स्थळ बघायला येणारे आहेतच. तिचं नाक एकटीने बदलून किंवा न बदलून त्या खोल्यांमधला हिशेब बदलणार नाही. तो बदलायला त्या खोल्यांमध्ये आपली माणसं बसावी लागतील. मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला, स्टुडिओच्या कॅमेऱ्यासमोर, सॉफ्टवेअरसाठी चेहरे गोळा करणाऱ्या चमूत, त्वचारोग आणि प्लास्टिक सर्जरीच्या विभागांत. आपल्यातले जे वैद्यकशास्त्र आणि संगणकशास्त्र शिकत आहेत त्यांनी ही मापं तपासण्याचं काम अंगावर घ्यावं. बाबासाहेबांनी घुर्येंचे तक्ते ज्या चिकाटीने वाचले, त्याच चिकाटीने हे आकडे वाचावेत.

आणि घरी, पुढच्या वेळी कुणाच्या लग्नाच्या बायोडाट्यात ‘नाकीडोळी नीटस’ असं लिहायची वेळ आली, तर ती ओळ खोडून तिथे मुलीची पदवी आणि नोकरी लिहा. तेवढं आजच करता येण्यासारखं आहे.